तळ चालत होता

त्या दुष्काळात धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलं. शहर मात्र वाढतच होतं. शेंद्र्याकडं नव्या कॉलन्या उठत होत्या, वाळूजच्या कारखान्यांनाही पाणी हवंच होतं. जुने पंप कोरडे पडले, तेव्हा तरंगते पंप लावायला जागा शोधायचं काम आमच्या छोट्या कंपनीकडं आलं आणि मला पाठवलं गेलं.

सोबत डॉप्लर यंत्र होतं, कुकरएवढं. होडीच्या कडेला बांधून ते पाण्यात बुडवायचं. ते आवाज सोडतं, पण आपल्याला तो ऐकू येत नाही. गाळाच्या कणांवर आपटून तो परतला की कुठल्या खोलीवर पाणी किती वेगानं चाललंय ते लॅपटॉपवर दिसतं. तळ किती खोल आहे, तेही कळतं.

होडी तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याची, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचं गाव लहानपणीच या धरणात बुडालेलं. सगळ्यात खोल जागी त्यांनी नांगर टाकला.

"हा आमचा डोह. हितंच पोहायला शिकलो," ते म्हणाले.

भर दुपार होती, वारा पडलेला. लॅपटॉप मात्र होडी सरकतेय असं सांगत होता. मी काठाकडं पाहिलं. बाभळीचं वाळकं खोड जिथल्या तिथं होतं. यंत्र तळ स्थिर धरून हिशेब करतं. होडी हलत नसेल, तर तळच चालत होता.

"मामा, वजन सोडून बघा बरं."

यंत्रानं दाखवलेल्या तळाच्या कितीतरी खाली दोरी गेली. मग मामांचा हात थांबला. त्यांनी दोरी माझ्याकडं दिली. ती थरथरत होती. खालून काहीतरी एकसारखं तिला लागत होतं, हळू, न थांबता.

"मासे असतील," मी म्हणाले. "पाणी आटलं तसे सगळे इथं जमलेत. यंत्र त्यांनाच तळ समजतंय."

"एवढे?" मामा पाण्याकडं बघत राहिले. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात बोटभरही दिसत नव्हतं. "आन् एक बी वर यंना?"

त्यांनी नांगर अगदी सावकाश उचलला, खाली कुणाला धक्का लागू नये तसा.

आठवडाभरानं मामांचा फोन आला. मासे वर आले होते, सगळे मेलेले. मी गेले तेव्हा मामा आणि काठच्या गावातली माणसं नाकाला पंचे बांधून जाळ्यानं ते ओढत होती. एकानंही मासा घरी नेला नाही. भेगाळलेल्या गाळात खड्डे काढून सगळे पुरले.

पंप तिथंच लावायचं ठरलं होतं, म्हणून पुन्हा मोजलं. आता खरा तळ दिसला, खूप खाली. मधल्या पाण्यात कुठंच हालचाल नव्हती. यंत्र बिघडलंय की काय म्हणून मी ते बाहेर काढून पुसलं, परत सोडलं. तेच.

"झालं का, ताई?" मामांनी विचारलं.

"झालं."

पावसाळ्यापर्यंत शहराला तेच पाणी गेलं.