दातांत धरलेला आवाज

अर्धापूर रोडवरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. इंजिनांच्या आवाजात आयुष्य काढून त्याचे कान गेले होते. म्हणून तो लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. दातांतून डोक्यात शिरलेला आवाज त्याला सगळं सांगायचा.

वडील गेल्यावर त्यांची जुनी जीप मी त्याच्याकडे नेली. केळी वाहून वाहून इंजिन पार झिजलं होतं. त्याच्या जागी बसवायला लातूरहून आणलेलं दुसरं इंजिन पोत्यावर निजल्यासारखं पडलं होतं. तरी मिस्त्रीनं जुनंच सुरू केलं आणि पेचकस दातांत धरून कितीतरी वेळ उभा राहिला. निळा धूर उन्हात तरंगत केळीच्या बागेकडे गेला.

"मिस्त्री, बिघाड तर माहीतच हाय ना?" मी ओरडून विचारलं.

"बिघाड न्हाई बघून राहिलो," तो म्हणाला. "उतरवायच्या आधी एकदा ऐकून घेतो. लई चाललंय बिचारं. तुमी बी ऐका."

त्यानं मूठ सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिली. मी ती दातांत धरली, डोळे मिटले. खडखडाट बाहेरच राहिला. आत एक संथ घरघर होती. लहानपणी वडिलांच्या पाठीला कान लावून झोपायचो, तेव्हा ऐकू यायची तशी.

मिस्त्रीनं किल्लीला हात लावला. "करू का बंद?"

दातांत मूठ असल्यानं मला हो म्हणता येईना, आणि ती काढावीशीही वाटेना.