साळवीबाई आणि कच्ची वही

श्रीमती कमल साळवी यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सानपाड्याच्या शाळेत, जनगणनेच्या प्रशिक्षणाला. एक्याण्णव साल. मी नुकताच तिथं मराठीचा शिक्षक म्हणून नोकरीला लागलो होतो. आम्ही सगळे शिक्षक लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो. बाई त्याच शाळेतल्या जुन्या शिक्षिका आणि मोजणीसाठी आमच्या पर्यवेक्षक. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : चूल.

"एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब," त्या म्हणाल्या. "नातं मागाहून विचारा. आधी चूल बघा."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, आमच्याकडं गॅस आहे."

सगळे हसले. "मग गॅस बघा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

बाईंच्या षष्ट्यब्दीच्या या ग्रंथासाठी लेख द्या, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी बाईंच्या घरी गेलो. हौसाबाईंबद्दल लिहू का, असं त्यांना विचारलं. "ते सोडून लिहिणार असाल तर लिहू नका," त्या म्हणाल्या. म्हणून लिहितो. हौसाबाई ही एका हमालाची बायको. तिची राहती खोली गेली. ती जाण्यात बाईंचा हात होता, आणि माझाही.

बाईंकडे आलेला भाग मोठा आणि विचित्र होता. सानपाड्याच्या नव्या इमारतींत दुपारी कुलपं असायची. नवराबायको दोघं नोकरीला, आत गावाहून आणलेले वडील, त्यांना दार उघडायची मनाई. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत तळवलीला एका छपराखाली चार भावांच्या चार चुली. रायगडच्या किनाऱ्याकडून आलेल्या मुस्लिम घरांत कर्ते पुरुष आखातात, आणि कुटुंबप्रमुख कोण म्हणून विचारलं की म्हातारी आई आणि सून एकमेकींकडे बघायच्या. आणि बाजाराजवळ हमालांची वसाहत. साताऱ्याकडची माणसं. एका खोलीत सात-आठ पुरुष, एक स्टोव्ह, भिंतीवर गावच्या जत्रेतला फोटो. "आमचं घर गावाला हाय, तिथं मोजत्याल," असं ते सांगायचे. बाई म्हणायच्या, "तिथं घर आहे. इथं तुम्ही आहात." बहुतेक खोल्यांत बाईंना पुन्हा जावं लागलं, आणि त्या गेल्या. त्या काळात माझी पत्नी बाळंतपणासाठी रुग्णालयात होती. चार दिवस माझी घरंही बाईंनीच केली. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मला ते माझ्या वहीतल्या त्यांच्या अक्षरावरून कळलं.

वसाहतीत एका खोलीच्या दारात मारुती नावाचा हमाल उभा होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा.

"एकटाच हाय मी. लिवा."

त्याच्या मागे स्टोव्हपाशी एक बाई भाकरी थापत होती. परातीशेजारी दोन ताटं होती. मी लिहायला लागलो. त्या दिवशी बाई माझं काम तपासायला सोबत आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आत कोण आहे?"

"ती सैपाकाला येती."

बाईंनी त्याच्या खांद्यावरून आत बघून विचारलं, "तुमचं नाव काय?"

तिनं भाकरी उलटली. "हौसा."

"झोपायला कुठं असता?"

"हितंच. पाच वर्सं."

मारुती खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, गावाला माझी बायको हाय. पोरं हायती. ह्ये कागद गावाला जात्यात का?"

"जात नाहीत. कुणालाच दाखवत नाहीत. कायदाच तसा आहे."

"शब्द?"

"शब्द."

"मग लिवा," तो म्हणाला. "बायको लिवा."

हौसाबाई हातावरचं पीठ झटकत दारात आली आणि मी लिहितो ते बघत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. ओळ संपेपर्यंत ती हलली नाही.

इथं आम्हा शिक्षकांची एक खोड सांगितली पाहिजे. छापील कागदावर खाडाखोड नको म्हणून आम्ही सगळे आधी कच्च्या वहीत लिहून घेत होतो आणि घरी जाऊन पक्कं करत होतो. मुलांना जे शिकवतो तेच आम्ही केलं. पक्के कागद वर गेले. कच्च्या वह्या आमच्याकडे राहिल्या. त्यांचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

ब्याण्णवचा डिसेंबर गेला आणि खाडीपलीकडून मुंबईतल्या दंगलीचा धूर दिसायला लागला. त्या दिवसांत तीन माणसं शाळेत आली. त्यांतला एक माजी विद्यार्थी होता. तो बाईंच्या पायाही पडला.

"बाई, कुठल्या लायनीत कोण राहतं, ते तुमच्या मास्तरांनी लिहून घेतलंय ना? जरा बघायचं होतं. आपल्याच लोकांच्या सेफ्टीसाठी."

"यादी वर गेली."

"रफ असेल की."

"माझ्या शाळेत रफ काही राहत नाही," बाई म्हणाल्या आणि तास घ्यायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला वह्या आणायला सांगितल्या. प्रत्येक वही त्यांनी स्वतः फाडली, बादलीत भिजवली आणि लगदा केला. त्या आठवड्यात चौथीच्या मुलांनी हस्तकलेच्या तासाला त्या लगद्याचे आंबे केले. माझी वही हरवली, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. त्या वहीत शेकडो माणसांची नावं होती, आणि मला ती भिजवणं जमलं नाही. यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं.

त्याच वर्षी पुढं मारुती गेला. ट्रकला लावलेल्या फळीवरून गोणी पाठीवर असताना पाय घसरला. धाकटा भाऊ हमालांच्या त्याच टोळीत होता. तो प्रेत गावाला घेऊन गेला. हौसाबाईला गाडीत घेतलं नाही. तेराव्यानंतर भाऊ कुलूप घेऊन परत आला. खोली मारुतीच्या नावावर होती आणि भावाचं म्हणणं, दादा एकटाच राहत होता. वसाहतीच्या कार्यालयानं हौसाबाईला महिन्याची मुदत दिली. इथं राहत होतीस असा एखादा कागद आण, नाहीतर शेजाऱ्यांच्या सह्या आण. रेशनकार्ड गावाला होतं. त्यावर गावाकडच्या बायकोचं नाव होतं.

हौसाबाई शाळेत आली. मधली सुटी होती. बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "तुमी लिवलं व्हतं. मी बगितलं लिवताना. तेवढा कागद द्या."

"तो इथं नाही हौसाबाई. आणि असता तरी दाखवता येत नाही."

मी शेजारी होतो. म्हणालो, "माझ्याकडे कच्ची वही आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हरवली होती ना?"

"नाही," मी म्हणालो. "घेऊन या," त्या म्हणाल्या.

माझी खोली शाळेजवळच होती. मी वही आणली. पान काढलं. ओळ होती. मारुती, खाली हौसा, पत्नी. मी म्हणालो की सरकारदरबारी या वहीचा उपयोग नसेल, पण कार्यालयातला साहेब माणूस आहे, बघेल. बाई म्हणाल्या, "या ओळीच्या वर सहा घरं आहेत, खाली आठ."

"तेवढी ओळ कापून देऊ."

"आज मी हिला ओळ कापून दिली, की माझ्याकडे यादी आहे हे सगळ्यांना कळलं. ते तिघं परत येतील. त्यांना कुठली ओळ कापून द्यायची, पवार?"

हौसाबाई म्हणाली, "माजंच नाव हाय ना त्यात? माजं मलाच द्यायाचं न्हाई?"

"मी मारुतींना शब्द दिला होता," बाई म्हणाल्या. "त्या शब्दावर त्यांनी तुमचं नाव लिहू दिलं."

"त्ये मेलं की वो, बाई."

बाईंनी वही घेतली, आमच्या दोघांच्या समोर फाडली आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत टाकली. हौसाबाईनं बादलीत हात घातला. एक पान वर काढलं. ते तिचं होतं की दुसऱ्या कुणाचं, तिला कळायला मार्ग नव्हता. शाई पसरली होती. ती ते पान तसंच धरून उभी राहिली, आणि घंटा झाली.

पुढचे तीन रविवार बाई हौसाबाईला घेऊन वसाहतीत फिरल्या. मीही गेलो. प्रत्येक दारात बाई सांगायच्या, "मी मोजणीची म्हणून आलेली नाही. मला काही माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सही करा."

"बाई, तुमी शिकल्याल्या. आमाला दर जत्रंला गावाला तोंड दाखवायचं असतंय."

"मारुती चांगला व्हता. पर त्याची बायको आमच्या वाडीची हाय."

"आवो, सही केली तर टोळीत कोन घील मला?"

शेजारची एक बाई नळावर हौसाबाईच्या गळ्यात पडून रडली. सात वर्षं आमचं एक उखळ आहे, म्हणाली. कागद पुढं केल्यावर तिनं हात पाठीमागे नेले. "मालक मारत्याल."

मुदत संपली. भावानं कुलूप लावलं. बाईंनी हौसाबाईला सानपाड्याला आपल्या घरी आणलं. आठ दिवसांनी ती न सांगता निघून गेली. नंतर कळलं, तळवलीला भाड्यानं खोली घेतली आहे, बाजारात कांदा निवडायला जाते. बाई तिथं गेल्या. तेव्हापासून दर महिन्याला जातात. हौसाबाई दार उघडते, पाण्याचा तांब्या देते. आत या म्हणत नाही. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून पाणी पितात, तब्येत विचारतात आणि परत येतात.

बाईंचं चुकलं, असं मला तेव्हा वाटलं. आजही पूर्ण पटलेलं नाही. त्या लगद्यात गेलेली किती घरं त्यामुळे सुखरूप राहिली, हे कुणालाच सांगता येणार नाही. गेलेलं घर मात्र मला दिसतं. एकदा मी बाईंना विचारलं, पुन्हा तीच वेळ आली तर? "तेच करीन," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि पुन्हा तळवलीला जाईन." शब्द पाळणारी माणसं मी बरीच पाहिली. त्या शब्दाची झळ ज्याला बसली त्याच्या दारात वर्षानुवर्षं जाऊन उभं राहणारं माणूस मी एकच पाहिलं. माझा आदर आहे तो याबद्दल.

पुढची मोजणी जवळ आली आहे. मागच्या महिन्यात मी तळवलीला जाऊन हौसाबाईंना या सत्काराचं सांगितलं. त्या कांद्याची सालं झाडत होत्या.

"करा की. चांगल्या हायत्या बाई," त्या म्हणाल्या. "फकस्त मोजायला पुन्यांदा कोन आलं तर मी हितं ऱ्हात न्हाई म्हून सांगनार."

"आणि बाई स्वतः आल्या तर?"

त्यांनी केरसुणी ठेवली. "त्यांचं गुडघं लय दुखत्यात," म्हणाल्या. "हुबं ऱ्हावत न्हाई त्यास्नी."

बाईंना दीर्घायुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत आणि तळवलीचा रस्ता त्यांना अजून पुष्कळ वर्षं चालता येवो. हौसाबाई एखाद्या महिन्यात त्यांना आत बसायला सांगतील, याची मला खात्री नाही. पण तसं झालं तर त्या दिवशी बाई दारात असाव्यात, एवढीच माझी प्रार्थना आहे.