माणसं मोजायची नसतात, बाई!

मंडळी, आज माझ्या मोबाइलची चक्क दृष्ट काढली गेली.

मी नांदगाव तालुक्यातल्या शाळेत शिकवते, सध्या जनगणनेच्या कामावर आहे. सकाळी एका मळ्यातल्या आजींना विचारलं, "घरात माणसं किती?"

"माणसं मोजायची नसतात बाई, नजर लागती."

किती समजावलं, पण नाहीच! पुढची घरं बाकी होती, मी वैतागले. म्हटलं, "बरं, मोजू नका. जेवायला मारता, तशी सगळ्यांना हाक मारा."

हे पटलं. आजी ओट्यावर उभ्या राहिल्या. "ए गणपत! सुमे, पोरींना घेऊन ये गं!" एकेक जण हात पुसत आला, मी मोबाइलमध्ये नावं भरत गेले. झाल्यावर आजींनी त्या मोबाइलवरूनच मीठमोहरी उतरवली.

मग नावं वाचून दाखवताना लक्षात आलं. "आजी, तुमचंच राहिलं की!"

"मी तर हाक मारणारी. मला कोन हाक मारतंय?"

नाव विचारलं तर लाजल्या. सून म्हणाली, "पार्वता."

मी तिथूनच ओरडले, "पार्वताबाई, जेवायला या!"

"आले, आले," म्हणत आजी ओट्यावरून उतरल्या आणि सगळ्यांत येऊन उभ्या राहिल्या.

तुमच्या घरात सगळ्यांना हाक मारणारी कोण? तिला कधी जेवायला हाक मारलीत?