हाडात रक्त बनते म्हणतात

त्या संध्याकाळी आम्ही दोर वळत होतो. अंबाडीचा, बैलांसाठी. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ भरत मागं सरकायचं. टोक बायकोकडे होतं. ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती. पीळ सुटायला लागला तसा मी ओरडलो, "झोपली काय वं?"

"झोपली नाई. तुमी हातानं वळा, तोंडानं नका वळू."

दोर अर्धा झाला. दिवस बुडाला म्हणून उठलो. पहाटे चहाला हाक मारली तर ती उठली नाही. अंग थंड होतं.

आक्रीत काही घडलं नव्हतं. तिचं रक्त आटत चाललं होतं अन् आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या साली हे सुरू झालं. चावडीवर माणसं राज्याचं बोलत होती, मी हिला घेऊन अकोल्याच्या मोटारीत बसलो होतो. ती चुन्यासारखी पांढरी पडली होती. मार न लागता अंगावर निळे डाग उठत. गावच्या वैद्याचं लोहभस्म खाऊन झालं, फरक नाही.

अकोल्याच्या डॉक्टरनं तिच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला रस ओढला. ती ओरडली नाही. मीच बाहेर जाऊन बसलो. मग तो म्हणाला, "रक्त हाडाच्या आत बनतं, मगजात. यांच्या हाडात ते बनणं बंद झालं आहे."

मी चौथीपर्यंत शिकलेला. रक्त पोटात बनते, खाल्लेल्या भाकरीचं, असंच मी धरून चाललो होतो. हाड म्हणजे माझ्या लेखी घराचा खांब. खांबात काय बनणार?

माझं रक्त तिला जुळलं. बाटलीभर काढून तिला दिलं. चार दिवस गालावर रंग आला. म्हणाली, "तुमचं रक्त घातलं, आता मी बी तुमच्यासारखी लोकाईले शिव्या देत फिरतो का काय!"

परत येताना मोटारीत ती खिडकीपाशी बसली. शेलूबाजार मागं पडल्यावर एकदम म्हणाली, "बकऱ्याच्या हाडात बी मगज असते ना?"

"असते."

"मंग मले ते आणून द्या."

आमच्यात बाया मटण खात नाहीत. गडी माणसांना खायचं असलं तर गोठ्यामागं तीन दगड मांडून त्यांनीच शिजवायचं. त्याचं भांडं वेगळं, ते घरात येत नाही. तिनं उभ्या जन्मात त्या भांड्याला हात लावला नव्हता. पण हाडाला हाड पोसेल, हे तिला पटलं होतं. मलाही पटलं. आता कोणी हसलं तर हसो.

आमच्या गावाहून मंगरूळपीर पायी जाण्यासारखं आहे. दर्ग्याकडच्या रस्त्यावर एक म्हातारा खाटीक बसे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बाई के लिए? फिर नल्ली ले जाव, पिछले पैर की."

मी शिजवू लागलो. ती नाकाला पदर लावून लांब दगडावर बसली अन् तिथून मला शिकवू लागली. "हयद टाकजा. अजून टाका. जाळ कमी करा, करपून राह्यलं."

"तू कधी शिजवलं व्हतं काय?"

"नाई शिजवलं. पण करपल्याचा वास कयते मले."

नळी ताटाच्या काठावर आपटली की मगज खाली पडे. पहिल्यांदा तिनं डोळे मिटून गिळला अन् लगेच ओकली. दुसऱ्या बाजाराला पुन्हा आणायला लावला. तो पोटात राहिला. शेजारची एक बाई कुंपणावरून म्हणाली, "काय वं काकू, म्हातारपणी धरम बाटवला! आता कोंबडं बी सुरू करता काय?"

"तू आणून दे, खातो," ही म्हणाली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरला नळ्यांचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "खाल्लेला मगज पोटात विरघळतो, हाडापर्यंत जात नाही. हाडात कोवळे कण असतात. ते अजून काहीच झालेले नसतात. रक्त कमी पडलं की अंगातून एक रस सुटतो आणि त्यांना सांगतो, लाल रक्त व्हा. बाहेरदेशी तो रस शोधत आहेत. अजून कोणाच्या हाती आला नाही."

मी विचारलं, "मंग हिच्या हाडाले सांगावा भेटत नाई, का भेटून ऐकत नाई?"

"सांगावा जात असेल. ऐकणारे कणच संपत आले आहेत."

ती म्हणाली, "म्हंजे सांगावा घेऊन माणूस आला, अन् घरी कोणीच नाई."

डॉक्टर हसला. मला राग आला, कोणाचा ते अजून कळलेलं नाही.

घरी येऊन म्हटलं, "आता नळ्या बंद करू. फायदा नाई."

"काहून बंद?" ती म्हणाली. "मले आवडते."

त्यानंतर औषध म्हणून नाही, आवडते म्हणून ती खात राहिली. पदर नाकावरून गेला. नळी स्वतःच आपटू लागली. मी म्हणे, ताट फुटीन. फुटलं नाही.

ती गेली त्या दिवशीच तिला जाळून आलो. आमच्यात दुसऱ्याच दिवशी राख सावडतात अन् तिथं मेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. संध्याकाळी तिच्या भावानं विचारलं, "दाजी, बाईले काय आवडे? पुरणाचं सांगू का?"

"नळी," मी म्हणालो.

"सुतकात? लोकं थुकतीन तोंडावर."

"थुकू द्या. तिच्या आवडीचं मांडाचं हाये ना? का लोकाईच्या?"

तो उठून गेला.

सकाळी उजाडायच्या आधी मी मंगरूळला गेलो. खाटकानं दुकान नुकतंच उघडलं होतं. "बाई कैसी है?" त्यानं विचारलं. गेली म्हटलं. त्यानं टांगलेल्यातून नळी काढली अन् माझ्या हातात दिली. गोठ्यामागं शिजवली. पळसाच्या पानात बांधून मसणात नेली. राख गोळा झाली तशी पान उघडून तिथं ठेवलं.

कोणी तरी मागून म्हणालं, "कुत्रं नेईन."

"नेऊ द्या," म्हटलं, अन् पाय धुवायला नाल्यावर गेलो.