माथ्यावरचा प्रसाद

सिंगापुरात डोंगर नाही असं कुणी म्हटलं की पद्माकर फणसळकर त्याला तिथल्या तिथे गप्प करत. आहे की! बुकित तिमा. उंची दीडशे मीटरच्या थोडी वर. शहरातल्या कितीतरी इमारती त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघतात, पण म्हणून काय झालं? डोंगर तो डोंगर.

फणसळकर आयुष्यभर बँकेत ऑडिटर होते. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं ही त्यांची भाकरी, आणि खरं सांगायचं तर करमणूकही. निवृत्तीनंतर चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये खोट काढायला एकट्या सुचित्राबाईच उरल्या. पोळी कशी लाटावी यावरचं मार्गदर्शन त्या माउलीनं काही दिवस ऐकून घेतलं आणि मग नवऱ्याला मैत्रिणीच्या मुलीच्या, इराच्या, हवाली केलं. इरा पीएचडी करत होती. उष्ण प्रदेशातल्या डोंगरावर कुठल्या उंचीला कुठले किडे सापडतात, हा तिचा विषय. खऱ्याखुऱ्या डोंगराची परवानगी मिळाली नाही म्हणून हा तिच्या पदरात पडला होता. तिला ओझं उचलायला माणूस हवा होता, सुचित्राबाईंना घर मोकळं हवं होतं. विज्ञानाची प्रगती अशीच होत असते.

पायथा, मधला टप्पा आणि माथा अशा तीन जागी जाळीचे पिंजरे टांगायचे, आत सडवलेली केळी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आलेली फुलपाखरं, भुंगे, माश्या मोजायच्या. अट एकच होती. तिन्हीकडे आमिष अगदी सारखं हवं, म्हणजे पडणारा फरक उंचीचा आहे असं म्हणता येतं. फणसळकरांना हे फार पटलं. नियम म्हटला की त्यांना गहिवरूनच यायचं. बसमध्ये त्यांच्या पिशवीच्या वासानं लोक नाक दाबून लांब सरकत, आणि हे त्यांच्यामागे जाऊन नियम समजावून सांगत.

मग श्रावण आला. तिथल्या मराठी मंडळातल्या घराघरांत सत्यनारायण झाले, आणि उरलेला प्रसादाचा शिरा दर आठवड्याला डबा भरून फणसळकरांकडे येऊ लागला. खाऊन खाऊन किती खाणार? प्रसाद कचऱ्यात टाकायचा नाही, कुठल्या तरी जिवाच्या मुखी लागला पाहिजे, हा सुचित्राबाईंचा हुकूम. खाली कबुतरांना घालावा तर दंड. फणसळकरांनी तोड काढली. किडा हाही जीवच! दर शनिवारी, इरा मधल्या टप्प्यावर गुंतलेली असताना, माथ्यावरच्या पिंजऱ्यात केळ्यांवर चांगला डावभर शिरा पडू लागला. माथ्यावरच का? अहो, नैवेद्य कुणी डोंगराच्या पायथ्याशी दाखवतं का? देव नेहमी वरच असतो. साजूक तूप, साखर आणि केळं घातलेला शिरा आपण केळ्यांवर घालतोय, म्हणजे नियम मोडतोय, हे त्या जन्माच्या ऑडिटरच्या मनालाही शिवलं नाही. प्रसाद म्हणजे आमिष थोडंच!

माथ्यावर किड्यांची जत्रा भरली. पायथ्याला राहणाऱ्या जाती वर दिसू लागल्या. इरा हरखली. उकाडा वाढल्यामुळे किडे वर सरकताहेत, असा निष्कर्ष तिनं काढला. तिच्या प्रोफेसरनी कधी नव्हे ते कौतुक केलं. बुओना व्हिस्टाला शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत तिचं भाषण ठरलं, आणि शोधनिबंधावर तिच्या नावाखाली फणसळकरांचं नाव आलं. इतकी वर्षं बँकेत घासली, पण नाव छापून आलं ते किड्यांमुळे. त्यांनी ते साऱ्या मंडळाला दाखवलं, काहींना दोनदा.

भाषणाच्या आदल्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी पिता पिता इरानं त्यांना भाषण वाचून दाखवलं. ‘आमिष तिन्हीकडे सारखं होतं’ हे वाक्य आलं आणि फणसळकरांना माथ्यावरचा शिरा आठवला. पुढचं एक अक्षर त्यांना ऐकू आलं नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. सुचित्राबाई म्हणाल्या, गप्प बसा, त्या पोरीचं सगळं नीट चाललंय. म्हणणं खोटं नव्हतं. पुरावा मुंग्यांनी केव्हाच फस्त केला होता. पण उद्या कुणीतरी तोच प्रयोग करून पाहील, माथा रिकामा निघेल, आणि सगळ्यांसमोर खोटी ठरेल ती इरा. हे फणसळकरांहून जास्त कुणाला कळणार? अशी किती माणसं त्यांनी स्वतः उघडी पाडली होती.

सकाळी भाषणाआधी त्यांनी तिला सभागृहाच्या दारातच गाठलं.

“इरा, माथ्यावर केळ्यांवर प्रसादाचा शिरा होता. सबंध श्रावण.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कुठल्या कुठल्या शनिवारी ते विचारलं, आणि आत जाऊन भाषण रद्द केलं. प्रोफेसर काय बोलले ते तिनं कधीच सांगितलं नाही. सगळी मोजणी पहिल्यापासून करायची ठरली.

पुढच्या शनिवारी फणसळकर उजाडता उजाडता पायथ्याशी हजर. पिशवीत केळी, नुसती केळी. इरा आली, त्यांच्याकडे बघून जराशी थांबली.

“काका, यावेळी मी एकटीच जाते.”

त्यांनी मान डोलावली. तिच्या जागी ते असते तर त्यांनीही अशा माणसाला पुन्हा वर नेलं नसतं, आणि एवढ्या सौम्यपणे तर मुळीच सांगितलं नसतं. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, उघडली आणि एकेक केळं वर काढून, उलटंपालटं करून तपासू लागली. फणसळकर समोर उभे राहिले, तपासणी संपेपर्यंत.