दीपमाळेवरची शेवंताची पणती

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशी तर नाहीच — त्याच्याच दारात केलं, त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्हाला सांगते. ऐकवत नसेल तर उठून जा.

शेवंता माझी मोठी जाऊ. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. मला पहिल्याच वर्षी मुलगा झाला. तरी घरात मान तिचा. कालवण तिच्याच हातचं लागायचं, भाताच्या आवणीत हात तिचाच चालायचा, आणि माझा बाळ्या — माझ्या पोटचा — रडला की तिच्याकडे पळायचा. तिला आई म्हणायचा, मला कुसुम. सगळे हसायचे. मीही हसायचे. आतून जळायचे — हो, जळायचेच, दुसरा शब्द कशाला शोधू?

साठ-बासष्टची गोष्ट असेल. त्रिपुरी पुनवेला आम्ही सगळे एस.टी.नं खोपोलीच्या बाजूला गेलो, तळ्याकाठच्या देवळापुढं जुनी दीपमाळ आहे तिथं. दुपारी घाटाच्या पायऱ्यांवर बसून भाकरी खाल्ली. आमच्यात नवस असा — मूल नसलेल्या बाईनं तोंडातून शब्द न काढता वात वळायची आणि घरची पणती दीपमाळेच्या खालच्या दगडी हातावर लावायची. तेल संपेस्तोवर जळली तर पदरात मूल पडतं. मध्येच गेली तर देवानं नाही म्हटलं. सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं, "या खेपेला नाय झालं, तर थोरल्याचं दुसरं लगीन." शेवंताच्या देखत.

दिवेलागणीला तिनं पणती लावली. नवस करणारीनं आरतीला उभं राहायचं, म्हणून राखण मला दिली. "कुसुम, पदर आडवा धर गं, वारा लागू देऊ नको." मी बाळ्याला घ्यायला हात पुढे केले. त्यानं तोंड फिरवलं आणि तिच्या मानेत खुपसलं. ती त्याला घेऊनच देवळात गेली.

आता काय सांगू — चुकून धक्का लागला? पदर उडाला? तळ्याच्या पाण्यात दिसणारे दिवे जरासुद्धा हलत नव्हते. मी बोटं तोंडात ओली केली आणि वात चिमटली. तेल अर्ध्याच्या वर होतं.

ती आली, तेव्हा मी म्हटलं, वारा आला. सासूबाई म्हणाल्या, "देवानंच सांगितलं. आता मला कोन बोल लावनार नाय." शेवंतानं विझलेली पणती उचलून पदरात बांधली. पौषाच्या आत घरात दुसरी आली आणि शेवंता मोहोपाड्याकडे भावाच्या घरी गेली. बाळ्या दारात बसून तिच्या नावानं रडायचा. मग माझ्याकडे यायला लागला. दुसरं होतं कोण त्याला?

पुढं बऱ्याच वर्षांनी ती कर्जतच्या बाजारात भेटली. केस पिकलेले, भावजयीचं जुनं लुगडं. माझा हात धरून म्हणाली, "माझीच वात सैल वळली गेली गं. तू बिचारी किती जपत बसली होतीस."

सासूबाई तेव्हा कधीच्या गेल्या होत्या. भोवती ओळखीचं कुणी नव्हतं. मला कुणाचं भय होतं? कुणाचंच नाही.

मी म्हटलं, "सैलच असंल, बाय."