नाल्यावरचा म्हातारा

पनवेलजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी सांडपाण्याचं काम बघते. पाण्यातलं विषारी फिनॉल तोडायला आम्ही एन्झाइम वापरायला लागलो, तेव्हापासून एक म्हातारा कोळी रोज सकाळी खाडीला मिळणाऱ्या आमच्या नाल्यावर यायचा. ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचा, खांद्यावरच्या रुमालाला हात पुसायचा आणि खाडीकडे जायचा.

एकदा मीच म्हटलं, "काका, आता काळजी नको. हे औषध विष तोडतं."

"बाय, तुजं औषद कवा चाललं नाय, त आमाला कोन सांगल?"

"मी सांगेन," मी बोलून गेले.

पुढच्याच आठवड्यात टाकीत ॲसिड जास्त पडलं आणि एन्झाइम निकामी झालं. तपासणीत ते कळेपर्यंत तासभर पाणी वाहून गेलं होतं. साहेब म्हणाले, "बाहेर बोलू नकोस." मी व्हॉल्व बंद केला आणि नाल्याकडे धावले.

"काका, हात घालू नका! आज पाणी वाईट आहे."

तो होड्यांना हाका मारत खाडीकडे पळत सुटला. मी काठावरून बघत राहिले. चार होड्या वळल्या. पाचवी नाल्याच्या तोंडाकडे पुढेच चालली होती.